‘तो आता आरोग्यमंत्री आहे, मग खोटं कसं असेल?’

प्रश्न असा आला आहे: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा सात महिन्यांचा आहे. मिस्टर ऑफिसला जाता-येता गाडीत रॉबर्ट केनेडी ज्युनियरचे पॉडकास्ट ऐकतात आणि आता एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्र लस) नको म्हणतात. निदान तीन आजारांच्या तीन लशी वेगवेगळ्या द्या, आणि त्याही मुलगा दोन-तीन वर्षांचा झाल्यावर, असं त्यांचं म्हणणं. मी काही बोलायला गेले की एकच वाक्य येतं, ‘इतकं खोटं असतं तर त्याला आरोग्यमंत्री केला असता का?’ मे महिन्यात भाच्याच्या मुंजीला साताऱ्याला जायचंय. मी काय करू?

आधी बाळाचं बोलते, मग केनेडीचं. लस द्या. वर्ष पूर्ण व्हायचीही वाट बघू नका, साताऱ्याला निघायच्या आधी द्या. कशी आणि केव्हा ते शेवटी सांगते, कारण लशीचं तुम्हाला पटलेलंच दिसतंय. तुम्हाला हवंय ते त्या एका वाक्याला उत्तर. खरं सांगायचं तर गेल्या वर्षभरात ते वाक्य मीही इतक्यांदा ऐकलंय की सुरुवातीला मलाच काय बोलावं सुचत नसे.

मी बालरोगतज्ज्ञ. शिक्षण सोलापूरला झालं, गेली चोवीस वर्षं इकडे प्रॅक्टिस करते. केनेडीला मी मंत्री म्हणून नंतर ओळखायला लागले. त्याचं नाव मी आधी ऐकलं ते माझ्याच तपासणीच्या खोलीत, आयांच्या तोंडून.

तो मंत्री कसा झाला ते आधी बघा. इथे अध्यक्ष नाव सुचवतो आणि सिनेट मतदान करतं. औषधशास्त्राची परीक्षा कुणी घेत नाही. केनेडीनं एप्रिल २०२३ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून अध्यक्षपदासाठी उतरतोय असं जाहीर केलं, ऑक्टोबरात पक्ष सोडून अपक्ष झाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये प्रचार थांबवून ट्रम्पला पाठिंबा दिला. पुढे त्याला आरोग्य खातं मिळालं. आपल्याकडे बंडखोर अर्ज मागे घेतो आणि निवडणूक झाल्यावर त्याला महामंडळ मिळतं, त्यातलाच हा प्रकार मला तरी वाटतो. १३ फेब्रुवारी २०२५ ला सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४८ मतांनी त्याच्या नावावर शिक्कामोर्तब झालं. रिपब्लिकन पक्षातून विरोधात मत टाकणारे एकटे मिच मॅकॉनेल. त्यांना लहानपणी पोलिओ झाला होता. मिस्टरांना एवढं सांगा की मंत्रिपद ५२ मतांनी मिळतं. लशीतल्या पाऱ्यानं ऑटिझम (स्वमग्नता) होतो की नाही, हे मतांवर ठरत नाही.

आता माणूस. तो निव्वळ लबाड आहे असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही घरात म्हणू नका. केनेडी घराण्यातला, जॉन केनेडींचा पुतण्या. वडिलांची हत्या झाली तेव्हा चौदा वर्षांचा. वकील झाला आणि बरीच वर्षं हडसन नदी घाण करणाऱ्या कंपन्यांना कोर्टात खेचत राहिला. ते काम चांगलंच होतं. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांतून पारा हवेत जातो, तिथून पाण्यात, पाण्यातून माशांत, आणि मासे खाणाऱ्या गरोदर बाईच्या पोटातल्या बाळात. हेही शंभर टक्के खरं. त्या विषयावर तो गावोगाव भाषणं करायचा तेव्हा ऑटिझम असलेल्या मुलांच्या आया पुढच्या रांगेत येऊन बसायच्या. त्यातली एक कागदांचा गठ्ठा घेऊन त्याच्या केप कॉडच्या घरी आली आणि हे वाचल्याशिवाय मी इथून हलणार नाही म्हणाली, असं तो स्वतः सांगतो.

इथून गाडी रुळावरून घसरली. २००५ मध्ये त्यानं लशींतल्या पाऱ्यावर मोठा लेख लिहिला, तो ‘रोलिंग स्टोन’ हे मासिक आणि ‘सलॉन’ हे संकेतस्थळ, या दोन ठिकाणी आला. चुका इतक्या निघाल्या की ‘सलॉन’नं दुरुस्त्या करून करून शेवटी २०११ मध्ये तो लेखच काढून टाकला.

पाऱ्याची गोष्ट नीट समजून घ्या, कारण मिस्टरांच्या डोक्यातली पहिली खुंटी बहुधा हीच असणार. माशांतला पारा मिथाइल पारा. लशींच्या अनेक डोसांच्या कुप्यांत जंतू वाढू नयेत म्हणून थायोमर्सल घालत, त्यातून निघतो तो इथाइल पारा. ऐकायला दोन्ही सारखेच. पण पिण्याच्या दारूत असतं ते इथाइल अल्कोहोल, आणि २०१५ मध्ये मालवणीच्या विषारी दारूकांडात शंभरावर माणसं गेली ती मिथाइलनं. एका अक्षराचा फरक. मिथाइल पारा रक्तात निम्मा व्हायला सुमारे दीड महिना घेतो, इथाइलला आठवडाही लागत नाही. तरीही अमेरिकेनं खबरदारी म्हणून २००१ पर्यंत लहान मुलांच्या नेहमीच्या लशींतून थायोमर्सल काढलं, फक्त काही फ्लूच्या कुप्यांत राहिलं. मग ऑटिझम कमी व्हायला हवा होता ना? २००० मध्ये पाहणीत दीडशेत एक मूल होतं, २०२२ च्या पाहणीत एकतीसात एक. पारा गेला तरी आकडा चढतच राहिला, कारण व्याख्या रुंदावली, तपासणी लवकर व्हायला लागली, आणि ज्या मुलांना आधी ‘हट्टी’ किंवा ‘मंद’ म्हणून सोडून देत त्यांचं निदान होऊ लागलं.

आणि तुमच्या बाळाच्या बाबतीत हा सगळा वादच गैरलागू आहे. एमएमआरमध्ये जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. थायोमर्सल घातलं तर तेच मरतील. त्या लशीत ते कधीच नव्हतं.

एमएमआरवरचा आरोप वेगळ्या दारानं आला. १९९८ मध्ये लंडनमध्ये अँड्र्यू वेकफिल्डनं बारा मुलांवरचा एक लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. २०१० मध्ये तो मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी वेकफिल्डचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या यादीतून कायमचं खोडलं. २०१९ मध्ये डेन्मार्कनं ६,५७,४६१ मुलांचा हिशोब मांडला. एमएमआर घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त नाही. घरात आधीच ऑटिझम असलेलं भावंडं आहे, अशांतही नाही. ऑटिझमची लक्षणं आईच्या लक्षात येतात ती बहुतेकदा बारा ते अठरा महिन्यांच्या सुमारास, आणि लसही तेव्हाच असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. पण ज्या आईच्या डोळ्यांदेखत फांदी मोडली, तिला ही म्हण ऐकवून उपयोग नसतो. मी ऐकवली आहे. तेही सांगते.

दहा-अकरा वर्षांपूर्वी एक आई आली होती. मुलगा चौदा महिन्यांचा, नावानं हाक मारली तर वळून बघत नव्हता. तिनं विचारलं, लशीमुळे का हो? माझ्याकडे त्या दिवशी पाठोपाठ रुग्ण होते. मी हातातल्या कॉम्प्युटरवर टाइप करता करताच म्हणाले, नाही हो, ते सगळं खोटं ठरलंय. उत्तर बरोबर होतं. पण त्यानंतर ती माझ्याकडे आली नाही. बऱ्याच दिवसांनी किराणा दुकानात भेटली. म्हणाली, डॉक्टर, तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. ते लोक निदान दोन-दोन तास बोलतात.

पॉडकास्टचं बळ यातच आहे. माझ्याकडे बारा-पंधरा मिनिटं असतात, त्यातली निम्मी नोंदी करण्यात जातात. जून २०२३ मध्ये केनेडी जो रोगनच्या पॉडकास्टवर तीन तास बसला. त्याच्या स्वतःच्याही पॉडकास्टवर तो असाच निवांत बोलत असे. आवाज कापरा, फाटका. स्वरयंत्राच्या स्नायूंचा आजार आहे त्याला, त्यामुळे माणूस आपसूक लक्ष देऊन ऐकतो. एकामागून एक शोधनिबंधांची नावं, वर्षं, टक्केवारी. गाडी चालवणारा माणूस त्यातलं काय उघडून बघणार? आपल्याकडे कीर्तनात बुवा ओव्या धडाधड म्हणतात तेव्हा श्रोते अर्थ तपासत नाहीत, मान डोलावतात. तसंच.

रोगनच्या त्या भागावर ह्यूस्टनचे लससंशोधक पीटर होटेझ यांनी टीका केली, तर रोगननं आव्हान दिलं: माझ्या शोमध्ये केनेडीशी वाद घाला, एक लाख डॉलर तुम्ही म्हणाल त्या संस्थेला देतो. होटेझ गेले नाहीत. ‘घाबरला’ असा गाजावाजा झाला. हे होटेझ म्हणजे ज्यांच्या गटाच्या संशोधनातून कॉर्बेव्हॅक्स निघाली, २०२२ मध्ये भारतात बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना दिली ती. त्यांच्या मुलीला स्वतःला ऑटिझम आहे. त्यांनी गेलं नाही ते बरं केलं असं मला वाटतं. ‘लशीत अमुक आहे’ म्हणायला दहा सेकंद लागतात. ते का लागू नाही हे सांगायला मला वर इथाइल-मिथाइलचा अख्खा परिच्छेद लिहावा लागला, आणि तोही तुम्ही शांतपणे वाचताय म्हणून.

त्याच्या तोंडचं नेमकं काय, हेही मिस्टरांना माहीत असू दे, कारण मंत्री व्हायच्या वेळी सिनेटसमोर तो म्हणाला की मी लशींच्या विरोधात नाही, सुरक्षिततेच्या बाजूनं आहे, माझ्या मुलांना लशी दिल्या आहेत. त्याआधी २०२१ मध्ये एका पॉडकास्टवर त्यानं सांगितलं होतं की डोंगरवाटेवर तान्हं बाळ घेतलेलं कुणी दिसलं तर मी त्यांना सांगतो, याला लस देऊ नका. जुलै २०२३ मध्ये लेक्स फ्रिडमनच्या पॉडकास्टवर म्हणाला, सुरक्षित आणि परिणामकारक अशी एकही लस नाही. दोन्हीचं ध्वनिमुद्रण आहे. शोधून दोघांनी मिळून ऐका.

त्याचा आणखी एक लाडका मुद्दा म्हणजे लशी बाजारात आल्या की त्यांच्यावर कुणी लक्षच ठेवत नाही. इथे मी मिस्टरांना रोटाशील्डची गोष्ट सांगेन. ऑगस्ट १९९८ मध्ये जुलाबाच्या रोटाव्हायरसवर ही पहिली लस आली. वर्षाच्या आत तक्रारनोंदणीत पंधरा बाळं सापडली, आतड्यात आतडं अडकलेली. चौकशी झाली, धोका साधारण दहा हजारांत एक निघाला, आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये कंपनीनं लस मागे घेतली. त्यानंतरच्या रोटाच्या लशींची चाचणी प्रत्येकी साठ-सत्तर हजार बाळांवर झाली, निम्म्यांना खरी लस, निम्म्यांना लस नसलेलं द्रावण. लशींनी कधीच काही होत नाही असं मी कुठल्याही आईला सांगत नाही. एमएमआरनंतर तीन-चार हजारांत एका मुलाला तापाचा झटका येतो. तो भीतीदायक दिसतो, पण जातो आणि मागे काही ठेवत नाही.

आता सामोआ. हे मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण याआधीचं सगळं शब्दांचं होतं.

पॅसिफिकमधला छोटा देश, वस्ती दोन लाख. जुलै २०१८ मध्ये तिथे दोन बाळं एमएमआर दिल्यावर काही मिनिटांत गेली. भयंकर घटना, आणि खरी. चौकशीत निघालं ते असं: लशीची पावडर विरघळवायला पाणी घ्यायचं, त्याऐवजी परिचारिकांनी भूल देताना वापरतात ते स्नायू लुळे पाडणारं औषध घेतलं होतं, तेही मुदत संपलेलं. दोघींना पाच-पाच वर्षांची शिक्षा झाली. पण कारण कळेपर्यंत सरकारनं लसीकरण काही महिने थांबवलं होतं आणि लोकांच्या मनात भीती बसली होती. त्या वर्षी गोवराचा पहिला डोस मिळालेली बाळं फक्त ३१ टक्के. गोवर थोपवायला ९५ टक्के लागतात. केनेडीच्या ‘चिल्ड्रेन्स हेल्थ डिफेन्स’ या संस्थेनं त्या दोन मृत्यूंचा गवगवा केला होता. जून २०१९ मध्ये तो स्वतः सामोआला गेला, पंतप्रधानांना भेटला, तिथल्या लसविरोधी मंडळींनाही भेटला.

सप्टेंबरच्या सुमारास साथ सुरू झाली. नोव्हेंबरात आणीबाणी. साथ भरात असताना केनेडीनं पंतप्रधानांना पत्र लिहिलं की दोष लशीतच असू शकतो, तपासा. ५ आणि ६ डिसेंबरला सगळा देश बंद ठेवला. ज्या घरात लस न घेतलेलं माणूस आहे त्यांनी दारासमोर लाल कापड बांधायचं, आणि पथकं घरोघर फिरून टोचत होती. शेवटी मोजदाद झाली: ५,७०० हून जास्त रुग्ण, ८३ मृत्यू, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं.

साथ केनेडीनं आणली असं मी म्हणत नाही. गवत आधीच वाळलेलं होतं. लसीकरण थांबवलं सरकारनं, चूक झाली परिचारिकांची. त्याचं स्वतःचं म्हणणं असं की माझा या सगळ्याशी काही संबंध नाही. पण जानेवारी २०२५ मध्ये सिनेटसमोर तो असंही म्हणाला की मेलेल्यांपैकी बहुतेकांना गोवर नव्हताच. सामोआचे आरोग्य महासंचालक, जे स्वतः डॉक्टर आहेत, त्यांनी याला सरळ खोटं म्हटलं. मला राग येतो तो इथे. चूक कुणाचीही होते. माझी तर पुष्कळदा झाली आहे. पण मेलेल्या मुलांचा आजारच नाकारायचा?

गोवर तुम्ही बघितला नसेल. तुमच्या सासूबाईंनी बघितला असेल, त्यांना विचारा. सोलापूरला आमच्या वॉर्डात मूल यायचं ते डोळे चिकटलेले, नाक वाहतंय, उजेड सहन होत नाही म्हणून आईच्या पदरात तोंड खुपसलेलं. गालाच्या आतल्या बाजूला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असायचे, ते दिसले की दुसऱ्या दिवशी कानामागून पुरळ उतरणार हे ठरलेलं. उशाला कडुलिंबाचा पाला, कारण देवी आली आहे. पुरळ ओसरल्यावर खरी कसोटी, न्यूमोनिया आणि जुलाब. मूल घरी गेलं तरी पुढचे काही महिने सारखं आजारी पडायचं. का, ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. २०१९ मध्ये लस न घेतलेल्या ७७ डच मुलांच्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा कळलं की इतर आजारांविरुद्ध शरीरानं कमावलेली प्रतिपिंडं गोवर पुसून टाकतो, कुणाची ११ टक्के, कुणाची ७३ टक्के. आणि हा आजार जुना झालाय असं समजू नका. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीत मुलं गोवरानं गेली.

अमेरिकेत तो २००० साली संपल्याचं जाहीर झालं होतं. केनेडी मंत्री झाला त्याच सुमाराला टेक्ससच्या गेन्स काउंटीत साथ भडकली. तिथे शाळेत जाणाऱ्या पहिल्या वर्गातल्या जवळपास १८ टक्के मुलांच्या पालकांनी लशीतून सूट घेतलेली. ७६२ रुग्ण, दोन मुलं गेली, दोघांनाही लस दिलेली नव्हती. या काळात मंत्री टीव्हीवर कॉड माशाच्या यकृताचं तेल आणि जीवनसत्त्व अ याबद्दल बोलत होते. अर्धसत्य कसं असतं बघा. गोवर झालेल्या मुलाला जीवनसत्त्व अ चे दोन मोठे डोस देतात, सोलापूरला आम्हीही देत असू, त्यानं मृत्यू कमी होतात. पण ते झालेल्या आजारात, मोजून, डॉक्टरच्या हातून. त्यानं गोवर टळत नाही. टेक्ससमधल्याच लबक शहरातल्या रुग्णालयात यकृत बिघडलेली मुलं दाखल झाली, घरी रोज तेल पाजलेली. दुसरं मूल गेल्यावर एप्रिलमध्ये मंत्र्यांनी लिहिलं की गोवर पसरू न देण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग एमएमआर लस हाच आहे. हे वाक्य छापून फ्रिजवर लावा. मिस्टरांचा त्याच्यावर विश्वास आहे ना?

आता त्या वाक्याकडे येते. तो मंत्री झाल्यानं माझं एक हत्यार गेलं. वीस वर्षं मी शंका असलेल्या पालकांना सांगायचे, माझं ऐकू नका, सीडीसीच्या, म्हणजे सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेच्या संकेतस्थळावर जा, स्वतः वाचा. जून २०२५ मध्ये केनेडीनं लशींवर सल्ला देणाऱ्या समितीतले सतराच्या सतरा तज्ज्ञ एका दिवसात काढले. १९ नोव्हेंबरला सीडीसीचं ऑटिझमचं पान बदललं. ‘लशींमुळे ऑटिझम होत नाही’ हे विधान पुराव्यावर आधारलेलं नाही, असं तिथे आता लिहिलंय. मजा म्हणजे मथळा मात्र तोच ठेवलाय, ‘लशींमुळे ऑटिझम होत नाही’, आणि त्याला एक चांदणी लावली आहे. खाली त्या चांदणीचा खुलासा: हा मथळा सिनेटच्या आरोग्य समितीच्या अध्यक्षांशी झालेल्या करारामुळे काढलेला नाही. ते अध्यक्ष म्हणजे बिल कॅसिडी, स्वतः यकृताचे डॉक्टर. मंत्रिपदाच्या मतदानात त्यांनी बरीच चुळबुळ करून हो म्हटलं होतं.

मी ते पान क्लिनिकमध्ये उघडलं तेव्हा समोर एक बाप बसला होता, त्यालाच दाखवायला उघडलं होतं. त्यानं ती चांदणी वाचली आणि माझ्याकडे बघितलं. काय बोलणार? मी म्हणाले, या पानामागे नवा अभ्यास एकही नाही, फक्त माणसं नवी आहेत. डेन्मार्कची साडेसहा लाख मुलं तीच आहेत.

मिस्टरांनाही मी हेच सांगेन. कुठलं सरकार काय म्हणतं याला लटकू नका, कारण सरकारं बदलतात. डेन्मार्क, इंग्लंड, जपान, भारत, प्रत्येकाचं सरकार वेगळं, औषध कंपन्यांशी भांडणं वेगळी, पण बाळांना गोवराची लस सगळे देतात. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं, स्वतःचं वेगळं वेळापत्रक काढलंय. आम्ही बहुतेकजण आता तेच वापरतो.

घरात वाद घालू नका. त्यांना विचारा, नेमकी भीती कशाची? ऑटिझमची, पाऱ्याची, की एकदम फार टोचतात याची? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. तो बाप आहे, बाळाला जपायला बघतोय. पॉडकास्ट ऐकतो म्हणून तो मूर्ख ठरत नाही. मग डॉक्टरकडे फोन करून मोठी अपॉइंटमेंट मागा, फक्त बोलण्यासाठी, टोचणी नाही. आणि दोघं जा. बाबांना घरी ठेवून आई एकटी येते तेव्हा माझं सगळं बोलणं तिला घरी जाऊन पुन्हा म्हणावं लागतं आणि ती थकते. अन्नातले कृत्रिम रंग, पाकिटातलं खाणं यावर केनेडी बोलतो त्यातलं बरंचसं मलाही मान्य आहे. डॉक्टरनं तेवढं मोकळेपणानं मान्य केलं की बापाचे खांदे जरा खाली येतात, हे मी अनेकदा बघितलंय.

आता लशीचं. तिन्ही वेगवेगळ्या देणं इथे शक्यच नाही. गोवराची सुटी लस अमेरिकेत २००९ पासून मिळत नाही. दोन-तीन वर्षं थांबणंही चुकीचं. पंधरा महिन्यांच्या पुढे गेलं की तापाच्या झटक्याची शक्यता उलट थोडी वाढते, आणि तोवर मूल उघडं राहतं. गोवर झालेलं माणूस खोलीतून गेल्यावर दोन तासांपर्यंत हवेत विषाणू असतो. मुंजीच्या मांडवात कोण कुठून आलंय तुम्हाला काय कळणार?

इथे पहिला डोस बारा ते पंधरा महिन्यांत असतो, पण परदेशी जाणाऱ्या बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर एक जादा डोस देतात. भारतात बालरोगतज्ज्ञ नवव्या महिन्यात देतातच. हा लवकरचा डोस इथल्या हिशोबात धरत नाहीत, कारण आईची प्रतिपिंडं अजून बाळात असतात आणि लस थोडी कमी लागू पडते. त्यामुळे वर्ष झाल्यावर पुढचे दोन डोस द्यावे लागतातच. निघायच्या निदान दोन आठवडे आधी टोचून घ्या. ताप आला तर तो त्या दिवशी येत नाही, सातव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येतो, कधी बारीक पुरळही. म्हणून विमानाचा दिवस त्या पाच-सहा दिवसांत येऊ देऊ नका.

तापाला टायलेनॉल चालेल. म्हणजे आपलं पॅरासिटामॉलच. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प आणि केनेडी यांनी ऑटिझमसाठी गरोदरपणातल्या टायलेनॉलवर बोट ठेवलं, पण स्वीडनमध्ये जवळपास २५ लाख मुलांच्या अभ्यासात भावंडांची आपसात तुलना केल्यावर संबंध उरला नाही. शिवाय तो मुद्दा गरोदर बायकांचा होता, तुमच्या बाळाचा नाही. मात्र साताऱ्यात बाटली घेताना सांभाळा. इथल्या बाळांच्या औषधात ५ मिलीत १६० मिलिग्रॅम असतं. तिकडच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीतच १०० मिलिग्रॅम, म्हणजे तिपटीहून जास्त दाट, आणि सिरपमध्ये ५ मिलीत कुठे १२०, कुठे २४०. इथल्या सवयीनं मिली मोजून तिकडचे ड्रॉप्स पाजू नका. बाळाचं वजन लिहून ठेवा, डॉक्टरकडून डोस मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या, आणि तो कागद पासपोर्टच्या पिशवीत लशींच्या कार्डाबरोबर ठेवा.